फाटकातला काउबॉय

रेव्हरंड हॉलिस,

काल माझ्या वारलेल्या भावाला, लोवेलला, चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारताना तुम्ही चर्चच्या फाटकातल्या, गुडघा टेकलेल्या लाकडी काउबॉयकडे बोट दाखवलंत. "व्हर्नाबाई, खरा काउबॉय असा देवापुढे गुडघा टेकतो. पुरुषाबरोबर संसार थाटत नाही." तेव्हा लोवेलचा जोडीदार चेट माझ्या शेजारीच होता, हॅट छातीशी धरून.

तो काउबॉय मीच फळीतून कापलेला आहे. तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. ऊन उतरलं होतं, धूळ सोन्यासारखी तरंगत होती आणि गोठ्याच्या भिंतीवर लोवेलची सावली इतकी निश्चल पडली होती, की मी भिंतीला फळी लावून कोळशाने तिची कड गिरवू लागले.

"ताई, नाक जरा सरळ काढ हं," लोवेल म्हणाला.

"आधी माझा पट्टा आवळ, मग नाक मिरव," त्याच्यापुढे उभा असलेला चेट वरून ओरडला.

घोड्यावरून पडून चेटचा हात मोडला होता. लोवेल गुडघा टेकून त्याच्या बुटाचा पट्टा बांधत होता. माझी फळी लहान होती, तिच्यावर चेटचा पाय मावला नाही. तीच फळी पुढे चर्चच्या फाटकासाठी दिली. तिच्यासमोर तुम्ही सगळे हॅट काढता.

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारी स्वतः येऊन फळी घेऊन जाईन. लोवेलला आमच्याच कुरणात, टेकडीवर ठेवतो आहोत. तिथे लोवेलच्या फळीसमोर लावायला आज मोठी फळी आणली. संध्याकाळी चेटला त्याच भिंतीपाशी उभं केलं. त्याने बूट पुढे केला आणि मी कड गिरवून घेतली.

व्हर्ना प्रूइट