जर्मनीच्या रकान्याबाबत

मी, लोटू धुडकू बोरसे, वय ६९, यंत्रमाग कारखान्यातला निवृत्त लूम मास्तर, राहणार गोडादरा, सुरत, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आप्पा म्हातारपणी बहकले, असे माझा मुलगा शुभम म्हणेल, म्हणून आजच्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घरातल्या कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते, सबब मूळ प्रत घरात ठेवलेली नाही.

१. गोडादऱ्याचे घर, दोन्ही मजल्यांसह, मुलगी अश्विनी हिला द्यावे. सहा वर्षांपूर्वी तिला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. शुभमने तेव्हा अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी इथल्या खर्चाचा तक्ता करून आणला. जर्मनीचा आकडा सर्वांत मोठा होता. दुधात पाणी आहे का ते मी रोज बोट बुडवून पाहतो, पण मुलाचा तक्ता तपासला नाही. अश्विनीने स्वतःचा वेगळा हिशेब आणला होता. तो कोणी लिहून दिला आणि त्या मुलाचे नाव काय, एवढेच मी तिला विचारले. ती गेली नाही. हजीऱ्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली.

२. त्याच वर्षी माझ्या पैशातून शुभमने सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात कापडाचे दुकान घेतले. ते दुकान हाच त्याचा वाटा. कारण लिहून ठेवतो. गेल्या दिवाळीत वरचे भाडेकरू किसन यांची मुलगी जर्मनीला शिकायला गेली. तिथे सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नसते, राहण्याखाण्याचे वर्षाचे पैसे तेवढे आधी बँकेत दाखवावे लागतात, आणि ते दरमहा मुलीलाच मिळतात, असे किसन म्हणाले. मला वाटले, मोठेपणा सांगतात. म्हणून आणखी तिघांना विचारले. तिघांनी तेच सांगितले. मग जुना तक्ता काढला. जर्मनीच्या रकान्यात महागड्या खासगी संस्थेची फी होती. बाकी देशांत सर्वांत स्वस्त विद्यापीठांची.

शुभम आधी म्हणाला, एजंटची चूक. मी एजंटचे नाव विचारले. तेव्हा म्हणाला, "आप्पा, ती गेली असती तर दुकान झालं असतं का?"

३. माग दुरुस्तीच्या पान्यांची पेटी कारखान्यात माझ्या हाताखाली असलेल्या हिलालला द्यावी. त्यातले दोन पाने त्याने आधीच नेले असावेत, राहिलेलेही न्यावेत.

४. बँकेतली ठेव इथे लिहिलेली नाही. मी मरेपर्यंत अश्विनीने थांबण्यात अर्थ नव्हता. ठेव मोडून तिच्या खात्यात भरली. तक्ता खोटा होता हे मी सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला तेव्हाच दिसलं होतं, आप्पा. सांगितलंही होतं."

तिला पुन्हा प्रवेश मिळाला आहे. ऑक्टोबरात वर्ग सुरू होतील. जाण्याची तारीख तिने मला सांगितलेली नाही. तिकीट काढले का विचारले, तर बघू म्हणते. मी आयत्या वेळी अडवीन, अशी तिला शंका आहे. ती शंका रास्त आहे. त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये.

मध्ये कोणी पान घालू नये म्हणून पानांना आकडे घालून प्रत्येकावर सही केली आहे.

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली:
१. भिकन सुका वाघ (सही)
२. किसन दगा महाले (सही)

लोटू धुडकू बोरसे (सही)
सुरत, १४ जुलै २०२५