खालचं सोनं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज प्रयोगशाळेतून घरी येताना वाटभर तुझ्याशी भांडत आले.

भूकंपात निलंग्याकडचं आपलं घर पडलं, बाबा गेले, आणि तू मला घेऊन लातुरात आलीस. क्लासच्या गल्लीत मुलींची खानावळ काढलीस. डॉक्टर व्हायला आलेल्या त्या मुली भिंतीकडे बसायच्याच नाहीत. सगळ्या दाराला खेटून जेवायच्या, तुला वाढायला पाय ठेवायला जागा नसायची. "आत सरका की गं, भिंत काय खाऊन राहिली का तुम्हाला?" तू ओरडतेस. एकही सरकत नाही. मीही नाही. तू मात्र पार आत, स्टोव्हपाशी, पाठ भिंतीला टेकवून भाकरी थापतेस.

मेडिकलला नंबर लागत असताना मी नांदेडला फिजिक्सला गेले. "मग आपल्या घरात डॉक्टर कोण व्हायचं?" एवढंच विचारलंस, आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस.

पुढे अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून माझ्या कामाचं पहिलं चित्र हाती आलं तेव्हा राहवलं नाही, तुला फोन लावला. भडाभडा सांगत सुटले. साठ कार्बन अणूंचे पोकळ गोळे आम्ही सोन्यावर सोडतो. ते सरकत सरकत आधी सोन्याच्या पृष्ठभागावरच्या अणूभर उंच पायरीच्या कडेला गोळा होतात, मग एकाभोवती सहा असे दाटीनं बसत जातात. "त्यातले काही फिके दिसतात, आई. त्यांच्याखालचा सोन्याचा अणू बाजूला होतो, आणि गोळा त्या खड्ड्यात बसतो. खालचं सोनं हलतं!"

तू म्हणालीस, "खालचं हलतं म्हणतीस, आन् खुशीत सांगून राहिलीस?"

मी विषय बदलला. त्याच हिवाळ्यात तू गेलीस.

आज एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅडम, तुम्ही हेच काम का निवडलं? मी सौरघटांसाठी उपयोग वगैरे नेहमीचं सांगितलं. खरं तुला सांगते, हे पत्र कुठं टाकायचं नाहीच म्हणून. आमचा सूक्ष्मदर्शक ज्या टेबलावर असतो त्याला जराही हादरा पोचू देत नाहीत. मी इथं संशोधनाच्या जागेसाठी मुलाखतीला आले तेव्हा बाहेर रस्ता खोदत होते, खिडक्या थरथरत होत्या. कुणी बघत नाही असं पाहून मी त्या टेबलावर हात ठेवला. टेबल गप्प होतं. मी तिथंच ठरवलं. सोनं काय न् गोळे काय, ते सगळं नंतर आलं.