अजून न आलेला नियम आणि काकूचा आवाज

ती. काका,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? कानाचं मशीन लावता ना? (ते खिशात ठेवून ऐकू येत नाही, असं डॉक्टरही म्हणाले होते.)

मी मजेत, म्हणजे नोकरी अजून आहे. लिफ्टमध्ये मजले सांगणारं आमचं सॉफ्टवेअर तुम्हाला माहीत आहेच. त्याला पहिला आवाज काकूनेच हौसेने दिला होता. ते सॉफ्टवेअर लिफ्टकडे पाठवताना त्याचं पॅकेज बांधतात आणि आत काय, कुणाचं, कशाशी जुळतं याची चिठ्ठी लावतात. या चिठ्ठीचा नवा नियम येतोय. अजून मसुदाच आहे, पण इतका चोख की मी सगळी पॅकेजं आत्ताच तशी बांधली. (साहेब म्हणाले, "अगं, नियम अजून रांगतोय आणि तू त्याला नोकरीला लावलंस!")

जुन्या लिफ्टना नवी चिठ्ठी वाचता येईना. म्हणून मी एक सांधा लिहिला: नवं उमगलं नाही, तर जुन्यातलं जुळेल ते उचल. एका पाच मजली इमारतीतल्या लिफ्टने थेट तळातलं, सगळ्यात जुनं, काकूच्या आवाजाचं पॅकेज उचललं. वॉचमनचा फोन आला, "ताई, लिफ्ट सहावा मजला सांगते!" (त्या पॅकेजात तळमजला पहिला धरलाय, एवढंच.) मी बघायला गेले. पाचव्यावर दार उघडलं, काकू म्हणाली, "सहावा मजला. सावकाश उतरा हं," आणि आतलं कुणी पाऊल बाहेर टाकेना. समोर रोजचाच व्हरांडा, चपलांची रांग, तरी सगळे भिंतीला चिकटलेले. एक आजोबा मला म्हणाले, "व्हा पुढे, तुम्ही शिकलेल्या आहात." मी पदवीसकट जागची हलले नाही. सगळे खाली आलो आणि जिन्याने चढलो.

आता साहेब म्हणतात, सांधा काढ आणि जुनं पॅकेज पुसून टाक. काका, काकू गेल्यावर तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही.

तुमची,
पुतणी

ता. क. : खरं काम हे. नव्या नियमात पॅकेजला जबाबदार माणूस लागतो; तो असेल तर पुसणार नाही, असं साहेबांनी कबूल केलंय. तुमचं नाव घालू? (तक्रारी मग तुम्हाला येतील. तेवढं सोसा.)

आणखी एक : पाकीट चिकटवायच्या आत साहेबांनी सगळं पुसलं. सगळीकडे नवा आवाज लागला. त्या लिफ्टमध्ये मात्र काकूच बोलतेय. फाइल कुठेही नाही, मी कसून शोधली. आज आत एकटीच होते, तर तिने विचारलं, "जेवलीस का गं?" हे आम्ही कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं. होकार तरीही पाठवा. नियम लागू झाला की तिला कुणाचं तरी नाव लागेलच.