एका केबिनला तीन नकार

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगातली निम्मी अंगं हल्ली माझं ऐकत नाहीत, तेव्हा उरलेल्यांचा गोड मानून घ्यावा.) तुमचा खांदा कसा आहे? जिना चढताना दम लागतो का अजून? लागत असला तरी तुम्ही 'मला काय धाड भरलीय' असंच म्हणणार, तेव्हा विचारणं हा निव्वळ उपचार समजा. इकडे आम्ही दोघं जिवंत आहोत. याहून बरं असं काही आमच्याबद्दल सांगण्यासारखं या आठवड्यात उरलेलं नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही माझं बोलणं दोन 'हं' आणि एक 'बरं, ठेवते' यात आटोपता, म्हणून लिहायला बसले. पत्रसुद्धा मध्येच ठेवून देता येतं, हे मला माहीत आहे. तसं करू नये.

वन्सं, आपली बोट बुडाली. म्हणजे बोट ठणठणीत आहे, पाण्यावर आहे, ठरल्या दिवशी निघणारही आहे. बुडालो ते आपण. बोटीच्या कंपनीने जेवढ्या केबिन होत्या त्याहून जास्त विकल्या. आता त्यांचं पत्र आलंय (तुम्हालाही आलंच असेल), आणि त्यात हे कळवताना त्यांना 'अत्यंत आनंद' होतोय. जागा नाही हे सांगताना ज्याला आनंद होतो, त्या माणसाला मी माझ्या घराच्या पायरीवरही उभं केलं नसतं. जितक्या खाटा तितक्या मुली, एवढं गणित आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या सिस्टरना जमत होतं, आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, नुसती एक शिट्टी होती. तर कंपनीची मेहेरबानी अशी: आपण तिघांनी आपली केबिन सोडून पुढच्या वर्षीच्या बोटीवर जायचं, बदल्यात मोठी केबिन, तिला स्वतःची गॅलरी, आणि जेवणाच्या टेबलावर फुलं. (फुलं! मला फुलंच बघायची असती तर मी घरात कुंडी ठेवली असती.) किंवा मग आपल्यापैकी दोघांनी यंदाच जायचं, दोघांच्या केबिनमध्ये, आणि तिसऱ्याने पुढच्या वर्षी एकट्याने गॅलरीत बसून फुलं बघायची. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कळवा. न कळवल्यास कंपनी आपल्या सोयीने ठरवेल, म्हणजे तिच्या सोयीने.

एरवी मी पुढच्या वर्षीला हसत हो म्हटलं असतं. पण तुमच्या भावाच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे. जन्मभर नकाशाच्या कचेरीत किनाऱ्याची रेघ काढत बसले. एकीकडे जमीन, एकीकडे पाणी, आणि मधली ती केसासारखी रेघ, ती ह्यांची. जगातल्या कुठल्याही खाडीचं वळण विचारा, हवेत बोटाने काढून दाखवतात. स्वतःच्या चपला मात्र खाटेखाली आहेत हे मला सांगावं लागतं. आता त्याच रेघेने डोळे घेतले. परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांना काय बघायची हौस असेल ते लवकर दाखवा, पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही. ह्यांना काय बघायचंय ते तुम्हीही ऐकलंय: ज्याला कुठल्याच बाजूने किनारा नाही असं पाणी. आयुष्यभर काठ काढला, एकदा काठ नसलेलं बघू दे म्हणतात. म्हणजे म्हणत नाहीत. झोपेत असताना किंवा तापात असताना म्हणतात. जागेपणी 'काय करायचंय आता या वयात' एवढंच.

आणि इथे, वन्सं, मी तुमच्या माहेराबद्दल दोन शब्द बोलणार आहे. बोलू नये, पण माझं लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी ते साठवून ठेवलेत. तुमच्या घरची ती रीत! भांड्यात बटाट्याची एक फोड उरली, की अख्खं घर तिच्याभोवती हात जोडून उभं. तू घे. नको, तू घे. मला नकोच होती मुळी. शेवटी ती फोड वाळून खडखडीत व्हायची आणि तिला फेकताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! मी आले वसतिगृहातून. तिथे घंटा झाल्यावर जी जिन्यावर अडखळली ती उपाशी झोपली. पहिल्याच आठवड्यात मी ती फोड सरळ उचलून खाल्ली, तेव्हा तुमच्या आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरातून काही उचललं. तेव्हापासून मी त्या घरात हावरट म्हणून प्रसिद्ध आहे, आणि खरं सांगू, मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. कोणीतरी खायलाच हवं.

तर आता ही केबिन म्हणजे ती फोड. पत्र आल्या दिवशी जेवताना हे म्हणाले, तुम्ही नणंद-भावजय जाऊन या, मला समुद्र पाठ आहे. मी म्हटलं, वेडेपणा करू नका, जायचंय ते तुमच्यासाठी, बाकीच्या दोघी म्हणजे तुमच्या काठ्या. त्यावर हे हसले आणि माझ्या ताटातलं मीठ त्यांच्या ताटात आहे असं समजून चिमटीने उचलायला लागले. मग दोन दिवसांनी पदर खोचला आणि बुकिंगच्या ऑफिसात गेले. आधी तिथली लिफ्ट बंद. मग वर पोचल्यावर कळलं, की रांगेचा नंबर खाली घ्यायचा असतो. (मी घेतला नाही. काऊंटरशी जाऊन नुसती उभी राहिले. माझ्या उभं राहण्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.) काऊंटरमागे तो टायवाला, ज्याने आपल्याला ही सफर विकली. मी त्याला मनात गोडबोल्या म्हणते, कारण नाही म्हणायचं असलं की तो आधी 'मावशी' म्हणतो.

मी म्हटलं, तुमच्या या अत्यंत आनंदाचं काय करायचं ते सांगा. त्याने पडद्यावर पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, 'मावशी, तुमचं तर ठरलंय की. दोघांनी जागा सोडली, एक प्रवासी यंदा जातोय.' मी म्हटलं, कोणी सोडली? तर म्हणाला, काल सकाळी एका काकांचा फोन आला, फार हळू बोलत होते, मागे नळ वाहत होता. माझं नाव काढा पण घरी कळवू नका म्हणाले. आणि दुपारी एका आजींचा. फार नम्र होत्या, तीनदा माफी मागितली. त्यासुद्धा घरी कळवू नका म्हणाल्या.

वन्सं! इथे मी खुर्ची शोधली. म्हणजे एक भाऊ न्हाणीघरात नळ सोडून माझ्यासाठी नि तुमच्यासाठी जागा सोडतोय, आणि तिकडे बहीण त्याच्यासाठी नि माझ्यासाठी, आणि दोघांच्या मध्ये बोटीवर उरली कोण? मी! हावरट सून, एकटी, यंत्रांच्या खोलीशेजारच्या एकखाटी केबिनमध्ये, चहूकडे काठ नसलेलं पाणी बघत, ज्याच्याशी माझं काडीचं देणंघेणं नाही. मला पाळण्यात बसलं तरी गरगरतं! बाकीचे प्रवासी विचारणार, घरचे कुठेत, आणि मी सांगणार, घरच्यांनी मला शेवटच्या फोडीसारखी ठेवली. मग मी जे केलं ते रागात केलं. मी गोडबोल्याला म्हटलं, माझंही नाव काढा आणि त्या दोघांना बसवा. तो म्हणाला, 'मावशी, त्यांनी सोडलंय ना.' मी म्हटलं, मग माझं काढा आणि त्यांना पकडून आणा. त्याने माझं काढलं. त्यांना पकडून आणणं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही.

थोडक्यात, जास्त विकलेल्या बोटीवरून आपण तिघं एकमेकांच्या प्रेमापोटी उतरलो आणि कंपनी सुटली. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर आधी घाबरले, मग विचारलं, 'ताईनेही फोन केला?' आणि डोळे पुसले. तुमच्या घरात माझी रडायची पाळीच कधी येत नाही. आता पुढच्या वर्षीची गॅलरीची केबिन स्वीकारावी की पैसे परत घेऊन गप्प बसावं, ते तुम्ही वडीलधाऱ्या म्हणून कळवावं. मला काही सुचत नाही. ज्याला बघायचं त्याचे डोळे पुढच्या वर्षी नसतील, तर ती गॅलरी घेऊन मी तिथे काय कपडे वाळत घालू?

खांद्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो सोडून देऊ नये.

तुमची,
भावजय

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता गोडबोल्याचा फोन. यंदाच्याच बोटीत तिघांची एक केबिन सुटली आहे. अगदी खाली, खिडकी नाही, पण वर डेकवर जाऊन बघता येतं. शुक्रवारी बाराच्या आत तिघांनीही 'मला हवी' असं फोनवर सांगायचं, ज्याचं त्याने, स्वतःच्या तोंडाने. तिघांचे नकार नोंदवल्यावर एकाने दुसऱ्याच्या वतीने दिलेला होकार आता ते घेत नाहीत. मी लगेच तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, 'तुम्ही दोघं ठरवा, माझं काही नाही,' आणि ठेवलात. म्हणून हे पाकीट आता कुरिअरने येतंय.

दुसरा ता. क. ह्यांना सकाळपासून तयार करतेय. आधी 'बघू' म्हणाले, मग 'चालेल'पर्यंत आले. गोडबोल्या म्हणतो, चालेल म्हणजे हो नव्हे. मग फोन या कानावरून त्या कानाला लावला. आणि मग, वन्सं, खाली मान घालून, जणू चोरी कबूल करताहेत असे म्हणाले, 'मला हवी.' फोन ठेवल्यावर मला म्हणाले, मी ताईच्या वाट्याचं तर घेतलं नाही ना?

तिसरा ता. क. आता खरं ते लिहिते, कारण कुरिअरवाला दारात उभा आहे. ह्यांच्यानंतर गोडबोल्याने मला विचारलं. आणि माझ्या तोंडून, माझ्या, निघालं, 'बघा, दुसऱ्या कोणाला गरज असेल तर…' तुमच्या घराने मला पुरतं बिघडवलंय. तो म्हणतो, तुमच्या नणंदबाईंचा होकार आला की पुन्हा विचारतो. तर तुम्ही आधी म्हणा, वन्सं. हात जोडते. कोणासाठी म्हणून नको. तुम्हाला हवी आहे म्हणून म्हणा. तुमच्यामागून मला येईल म्हणता.