सूर्य मावळायच्या आत

प्रिय पप्पा,

फोनवर तुमच्याशी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. आईला वाचून दाखवलंत तरी चालेल. तिला यातलं अर्धं ठाऊक आहेच.

माझ्या सॅककडे तुम्ही कायम कसल्या नजरेनं पाहायचात ते आठवतं? दुकानदाराच्या पोरीला डोंगर चढून काय मिळतं, असं गिऱ्हाइकांसमोर विचारायचात. आणि दिवाळीनंतर एक दिवस तुम्हीच म्हणालात, “यावक्ती मी येतो तुह्यासंगं. पाहू दे मले बी, काय हाये तिथं.” कारंज्याहून अकोल्याला परतताना मी एसटीत तोंड खिडकीकडे करून रडले होते. आनंदानं. हे तुम्हाला आज सांगते आहे.

कळसूबाईचा सगळा बेत मी सूर्यावर बांधला. सूर्य मावळला की तुम्ही पाण्याचा थेंबही घेत नाही, म्हणून दिवस असतानाच तंबूपाशी पोचायचं ठरवलं. तुमचं उकळलेलं, गाळलेलं पाणी माझ्याच पाठीवर होतं. आईनं दोघांसाठी दशम्यांची चळत बांधून दिली, अख्ख्या वऱ्हाडाला पुरेल इतकी. वर नवा ड्रेस कोंबला. म्हणाली, शिखरावर देवीचं देऊळ आहे, नीट कपडे असू दे. मीही अशी शहाणी की दोन्ही ओझी मुकाट्यानं वाहिली.

लोखंडी शिडीवर तुम्ही माझा हात धरलात. शिरपूरच्या यात्रेत मी तुमचा धरायची, तसाच घट्ट. तुम्हाला धाप लागली होती, तरी हसत होतात. पप्पा, तो हात खरा होता ना? तेवढंच मला अजून कळलेलं नाही.

तंबूपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं होतं. मी डबा उघडला, तर तुम्ही म्हणालात, “थांब ना वं जराशी, काय घाई हाये.” जन्मात एकदाही सूर्यास्ताआधीचं जेवण न चुकवलेला माणूस पायवाटेकडे तोंड करून बसून राहिला. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी तुमची नाडी धरली, गोळ्या शोधल्या. तुमच्या डोळ्यांदेखत सूर्य गेला. डबा झाकलेलाच राहिला.

मग बॅटऱ्या चमकवत नाशिकचे पाहुणे वर आले. श्रेयांस, त्याचे आईवडील. “अरे वा, तुमी इथं कसे?” असं तुम्ही विचारलंत. दशम्या एवढ्या का होत्या, ते मला तेव्हा कळलं. पाहुण्यांशिवाय जेवायचं नाही म्हणून तुम्ही थांबलात, त्यांना वाटेत उशीर झाला, आणि तुम्ही रात्रभर उपाशी, तहानलेले राहिलात. शेजारी पडून मी तुमचा कोरडा खोकला ऐकत होते. मीही जेवले नाही. माझा काही नियम नव्हता, भूकच मेली होती.

सकाळी शिखर हाकेवर होतं. तुम्ही म्हणालात, “जाऊन या तुमी दोघं.” एवढं चढून आलात आणि वर काय आहे ते पाहिलंच नाहीत. श्रेयांसला तुम्ही सांगितलं होतं की सगळं मुलीच्या मर्जीनं चाललंय. ‘कसली मर्जी?’ असं मी विचारलं तेव्हा बिचारा ओशाळला. तो वाईट नाही, पप्पा. दुकानात समोर बसवून मला विचारलं असतंत, तर मी त्याला सरळ मनानं पाहिलं असतं. पण तुम्ही माझा डोंगर वापरलात. खाली उतरून मी लग्नाला नकार दिला, तो त्याला नव्हता.

परवा तुम्ही फोन केलात. झालं गेलं विसरू, म्हणालात, आता गिरनारला जाऊ, आपण बापलेकच. माझा राग तिथेच विरघळला. हो म्हणणार होते, शप्पथ. पण आता तुमच्या शब्दाची खातरजमा करायची खोड लागली आहे. तिकिटं काढली आपल्या पारसनं, आणि माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. किती काढलीस, विचारलं. पाच, म्हणाला. बापलेकीची दोन, उरलेली तीन कसल्या पाहुण्यांची, ते विचारावं लागलं नाही.

मी येणार नाही. माझं तिकीट रद्द करा. जेवण तेवढं सूर्य मावळायच्या आत घ्या, कोणासाठी थांबू नका.

तुमचीच, अजून तरी,
त्रिशला