साठच्या पुढं न गेलेली गाडी

अहो,

सकाळच्या एसटीनं वडूजला आईकडं जातेय. आमटी करून ठेवलीय, दूध तापवलंय. शोरूममधून फोन होता, हजार किलोमीटर झाले असतील तर गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला आणा म्हणाले.

आप्पा जाऊन महिना झाला, तरी हे तोंडानं बोलता आलं नाही. त्या दिवशी माझ्या बापाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. साताऱ्याच्या दवाखान्यापर्यंत रस्ता मोकळा होता, आणि काटा साठच्या पुढं गेला नाही. मी तीनदा म्हणाले, "अहो, जरा दाबा." तुम्ही म्हणालात, "नवी गाडी आहे, इंजिन अजून रुळायचंय. आत्ताच ताणली तर कायमची बिघडंल."

लवकर पोचलो असतो तरी खात्री नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आप्पा तुमच्यामुळं गेले असं मी म्हणत नाही. पण तुमचं ते बोलणं त्यांनी ऐकलं. माझा हात दाबून म्हणाले, "असू दे गं पोरी."

आई भेटायला येईल त्याला सांगते, "जावयानं गाडी लय पळवली, आमचंच नशीब न्हाई." मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. तुम्ही स्वतः सांगणार असाल, तरच या.

अंकिता