एस्पोझितो साहेबांचं गाव कुठलं

हमरिया, मस्कत
(सूनबाई जोहराच्या स्वयंपाकघरातून. बाकी खोल्यांत एसी आहे आणि एसीने माझे गुडघे धरतात.)

मेहरबान भावजी हुसैनमियाँ सारंग यांना अलीमियाँ दाभिळकराचा सलाम पोचो. अल्लाच्या मेहरबानीने आम्ही इथे सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल अशी उमेद आहे. तुमचा दमा कसा आहे? काढा रोज घेता की खतिजा समोर आली की घेता? तिला सांगा, तिचा भाऊ कानटोपी न चुकता घालतो. (घालत नाही. इथे कानटोपी घालून बाहेर पडलो तर लोक गाडी थांबवून विचारतात, काय झालं? पण तिला सांगा, घालतो.)

आता तुमच्या कामाचं. तुम्ही लिहिलंत, मी मुलाकडे मस्कतला आलोच आहे तर सूरला जाऊन आपल्या तरीबंदरच्या साकिबची चौकशी करावी. तुमच्या लेकीने, अमरीनने, दोन चांगली स्थळं परत पाठवली आणि तुझ्या मनात आहे तरी कोण असं विचारल्यावर 'साकिब' एवढंच म्हणून ती भांडी घासायला गेली, हे वाचून मीही घाबरलो. मुलगा मेहनती आहे हे तुम्हाला मान्य. अडचण खानदानाची. मशिदीच्या पायरीवर शिडाच्या फडक्यात गुंडाळलेला तो रईसाबीला सापडला आणि तिने तो वाढवला (अल्ला तिला जन्नत देवो), हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा परदेशात त्याने आपल्या घराण्याबद्दल लोकांना काही भलतंच सांगितलंय का ते बघावं, आणि पासपोर्टावर 'तरीबंदरकर' लावायची परवानगी त्याला कुणी दिली तेही विचारावं, असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या प्रश्नाखाली तुम्ही रेघ मारली होती, ती मी पाहिली.

सूर इथून लांब आहे. शाहबाजच्या गाडीतून गेलो. वाटेत नुसते डोंगर, तेही असे की कुणी भाजून ठेवलेत. झाड नाही, गवत नाही, माणूस नाही. पाण्याची बाटली मी मांडीवर धरून बसलो होतो, न जाणो. तेवढ्यात गाडी टिंग टिंग वाजायला लागली. मी कलमा म्हणायला घेतला. शाहबाज म्हणाला, "अब्बा, काही नाही, वेग जास्त झाला की ती वाजते." मी म्हटलं, मग कमी कर. तो म्हणाला, मग मगरिबपर्यंत पोचणार नाही. म्हणून ती सूरपर्यंत वाजत राहिली आणि मी कलमा म्हणत राहिलो. (हे खतिजाला सांगू नका.) सूरमध्ये मात्र किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधतात ती पाहिली आणि तुमची आठवण आली. तुमचे आजोबा असल्याच गलबतावर सारंग होते, सगळे खलाशी त्यांच्या हुकमात, असं तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता.

साकिब गॅसच्या कारखान्याच्या कामावर वेल्डरांचा फोरमन आहे. त्याचे साहेब इटली देशाचे, नाव एस्पोझितो. आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. मुलाची चौकशी मुलाकडे करायची नाही, तो ज्याच्या हाताखाली आहे त्याच्याकडे करायची, आणि मुलाच्या पाठीमागे. मी शाहबाजला तयार करून नेलं होतं, कारण साहेबांना आपली भाषा येत नाही आणि मला त्यांची. पण गाडीचा टायर बसला आणि शाहबाज तो घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला. साहेबांच्या केबिनमध्ये राहिलो मी, साहेब, आणि दोघांना एकमेकांचं समजावून सांगायला तिसरा माणूस एकच. साकिब. भावजी, साऱ्या कोकणात अशी चौकशी झाली नसेल. ज्याची करायची तोच दुभाष्या.

माघार घेऊन चालणार नव्हतं. ज्याची साक्ष घ्यायची त्याचं खानदान आधी विचारावं, म्हणून मी तिथून सुरुवात केली. म्हटलं, आम्ही दाभिळकर, म्हणजे आमचं मूळ दाभिळ. तसं साहेबांचं एस्पोझित गाव कुठे आलं? समुद्राकाठी की आत?

साकिब म्हणाला, "चाचा, असंच विचारू?"

"असंच विचार."

साहेब इतके हसले की त्यांचा चहा सांडला. असलं गावच नाही म्हणाले. मग त्यांनी चहाचा ट्रे ओढला, साखरेचं भांडं स्वतःच्या बाजूला ठेवलं आणि ट्रे सावकाश गोल फिरवला. भांडं माझ्यासमोर आलं. साहेब बोलत होते आणि साकिब मला सांगत होता. त्यांच्या नेपल्स शहरात एका मोठ्या धर्मगृहाच्या भिंतीत असं लाकडी चाक होतं. ज्या बाईला मूल ठेवता येत नसे ती बाहेरून त्यात मूल ठेवी आणि चाक फिरवी. आतली बाई ते उचलून घेई. कोण, कुठली, कुणी विचारायचं नाही. अशा पोरांना आडनाव देत एस्पोझितो. म्हणजे, बाहेर ठेवलेला.

इथे साकिब थांबला. मला वाटलं तो आता उठून जाईल. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि पुढे सांगायला लागला, आवाज होता तसाच.

पुढे एका राजाने हे आडनाव द्यायचं बंद केलं, कारण पोरांवर शिक्का बसतो. पण तोवर पोरांना पोरं झाली होती, त्यांना पोरं झाली होती. आज त्या शहरात एवढं पसरलेलं दुसरं आडनाव नाही. फोनच्या पुस्तकात पानंच्या पानं एस्पोझितो. डॉक्टर एस्पोझितो, न्यायाधीश एस्पोझितो, मासे विकणारी एस्पोझितो. बाजारात कुणी या नावाने हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो, असं साहेब म्हणाले. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा, तुम्ही सारंगांचं सांगताना तुमचा होतो तसा झाला होता.

भावजी, मी त्या साखरेच्या भांड्याकडे बघत राहिलो. केवढं शहर असेल, आणि केवढी माणसं, आणि सगळ्यांच्या मागे एकेक चाक फिरलेलं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे एवढं मोठं काही डोक्यात मावत नाही. पण एक विचार आला तो जाईना. माझे पणजोबा दाभिळहून आले एवढं मला ठाऊक आहे. दाभिळला ते कुठून आले? त्यांना दाभिळकर लावायची परवानगी कुणी दिली? ते आले, राहिले आणि लावलं. मला घाम फुटला. (एसी चालू होता.)

तरी कामात कसूर नको म्हणून शेवटचा प्रश्न विचारला, या मुलाने आपल्या बापाबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? साकिबने तो जसाच्या तसा साहेबांना सांगितला. साहेबांनी उत्तर दिलं, पण ते काही मला मिळेना. साकिबचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "बोल रे, मी इथवर टिंग टिंग ऐकत आलोय." तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "चाचा, साहेबांनी पहिल्याच दिवशी तरीबंदरकरचा अर्थ विचारला होता. मी सांगितलं, मी त्या गावात सापडलो, बाप माहीत नाही, म्हणून सगळं गाव लावतो. तेव्हापासून ते मला कझिन म्हणतात."

आणि खरंच म्हणतात. कामावरची निम्मी माणसं त्याला इटलीच्या बाजूचा समजतात.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, मुलाने कुणाला काही भलतं सांगितलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर मी दाभिळला विचारून कळवीन.

खतिजाला आणि अमरीनला दुआ.

तुमचा मेव्हणा,
अलीमियाँ

ता. क. टायरला खिळा लागला होता. कुणाचा दोष नाही.

ता. क. दुसरा. एक सांगायचं राहिलं. निघताना साकिब म्हणाला, "चाचा, रईसाबी असती तर मागणी घालायला ती गेली असती. आता माझ्याकडून जायला वडीलधारं कुणी नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, मी आहे ना. साहेबांनी लगेच त्याचा अर्थ विचारला, साकिबने सांगितला, आणि साहेबांनी उठून माझे दोन्ही हात धरले. परदेशी माणसासमोर दिलेला शब्द, आता फिरवता येत नाही. तेव्हा वरचं पत्र तुमच्या मेव्हण्याचं समजा आणि इथून पुढचं मुलाकडच्यांचं. आमच्या साकिब तरीबंदरकरासाठी आम्ही आपल्या अमरीनला मागणी घालत आहोत. जवाब आमच्या नावे, मस्कतच्या पत्त्यावर पाठवावा. मुलीचा मामा तुम्हाला दुसरा शोधावा लागेल.

ता. क. तिसरा. तीन मुलींची लग्नं केली, तिन्ही वेळा सगळ्यांच्या मागून जेवलो. यावेळी पहिल्या पंगतीला बसणार. खतिजाला सांगा, मानात काही कमी पडलं तर मी रुसणार आहे. नाही पडलं तर कानटोपी घालून येईन.